उजव्या अंगाखालची घडी

वर बघत मागं सरकू नकोस, असं आत्याबाईंनी मला दोनदा सांगितलं होतं.

फाल्गुन सरत आला होता. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला हिरड्याची झाडं आहेत. आमचे हे झाडावर चढून काठीनं फांद्या झोडत होते आणि खाली आम्ही सासू-सुना पडलेला हिरडा वेचत होतो. मला सातवा महिना. वाकवत नव्हतं, म्हणून मी उभ्यानं कुठली फांदी भरलेली आहे ते ह्यांना सांगत होते. "डावीकडं. अजून वर." असं म्हणत मी एक पाऊल मागं टाकलं, दुसरं टाकलं. तिसऱ्याला बांध संपला होता.

पाच हातांचा बांध. खाली कातळ.

उजव्या अंगावर पडले. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. वाळलेली फांदी मोडते तसा. दुखलं नाही. मान उचलून पाहिलं तर गुडघ्याच्या वर, जिथं वाकायला नको तिथं पाय वाकला होता. मला वाटलं, हा कोणाचा पाय.

मग पोटावर हात ठेवला. माझी आधीची दोन पोटं पाचव्या महिन्यात गेली होती. हे सातव्यापर्यंत आलं होतं. हात तसाच ठेवून पडून राहिले. बऱ्याच वेळानं आतून एक ढुशी आली. तेव्हा कुठं मांडी दुखायला लागली.

माझी सासू ठमाबाई हाडं बसवायची. आम्ही सासूला आत्याबाई म्हणतो. त्यांच्या बापाकडून त्यांच्याकडे ही विद्या आली होती. दहा-बारा वाड्यांतून माणसं यायची. कोणाचा खांदा निखळलेला, कोणाचं मनगट. आत्याबाई डोळे मिटून बोटं फिरवायच्या, हाड कुठं सरकलंय ते बोटांनी बघायच्या, मग एकच हिसका. वर बांबूच्या कामट्या बांधायच्या. त्या कामट्या त्यांच्या बापाच्या होत्या, तेल पिऊन काळ्या झालेल्या. आढ्याला त्यांची जुडी टांगलेली असायची. आदल्याच दिवशी त्यांनी कोंडाबाईच्या शेळीचा पाय बसवला होता.

तेव्हा मला वाटलं, आता आत्याबाई येतील, डोळे मिटतील, बोटं फिरवतील.

त्या बांधावरून उतरून आल्या, माझ्यापासून दोन हातांवर बसल्या आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"लहानू," त्या ह्यांना म्हणाल्या, "घरून कामट्या आण. बाज पण आण. माणसं बोलव."

हे धावत गेले. कामट्या घेऊन आले आणि त्यांच्यापुढं धरल्या. त्यांनी घेतल्या नाहीत.

"तू बांध. मी सांगते."

"मी? आये, मला कुठं येतंय?"

"सांगते ना. आधी पाय सरळ वढ. टाचेला धर. हळू."

तोवर वाडी जमली होती. कोंडाबाई म्हातारी होती, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "ठमे, काल माझ्या शेळीला मांडीवर घेऊन बसलीस. सुनेला हात लावाया काय विटाळ हाये व्हय?"

आत्याबाईंनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "शेळी तुझी व्हती," त्या म्हणाल्या.

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. परक्याची शेळी चालते, घरची सून चालत नाही. माझी दोन पोटं गेली तेव्हाही बाई मला एक शब्द बोलली नव्हती, चांगला नाही की वाईट नाही. त्याचा अर्थ आत्ता लागला असं मला वाटलं.

ह्यांनी कामट्या बांधल्या. आत्याबाई तोंडानं सांगत होत्या. कुठं कापड घाल, कुठं सैल सोड, बोटं निळी पडतात का बघ. मला बाजेवर घेतलं. मला कुशीवर व्हायचं होतं, डाव्या अंगावर. तसं केलं की जरा श्वास घेता यायचा.

"उताणी," आत्याबाई म्हणाल्या. "मांडी मोडलेलं माणूस उताणंच पायजे. लाकडावानी. लहानू, कमरेला बांध तिला. छातीला पण बांध. वाटंत वळंल."

मला बाजेला बांधलं. चार माणसांनी बाज उचलली आणि आम्ही डोंगर उतरायला लागलो.

तेव्हा आमच्याकडं रस्ता नव्हता. खालच्या सडकेपर्यंत तीन तासांची वाट. त्यातलं मला थोडंच आठवतं. आकाश पांढरं होत गेलं. अंगाला घाम सुटला, तो गार. कानात पाण्यासारखा आवाज यायला लागला, आणि माणसांचं बोलणं लांब गेलं. मी मरते आहे असं मला वाटलं, पण त्याचं काही वाटलं नाही. पुढं एका उतारावर डाव्या अंगाच्या दोघांचे पाय घसरले, बाज तिकडं कलली. सगळे ओरडले. मला मात्र त्या क्षणी आकाश पुन्हा निळं दिसलं. त्यांनी बाज सरळ केली. आकाश पुन्हा पांढरं झालं.

"आत्याबाई, मला कुशीला करा," मी म्हणाले.

"गप पडून राहा, झुंबरे. हाड हलंल."

बाजेच्या बाजूनं त्या चालत होत्या. हात अजून पदराखाली होते.

सडकेला दुधाची गाडी मिळाली. तिनं आम्हाला मिशनच्या दवाखान्यात आणलं. तिथं देवकुळे नावाचे हाडांचे डॉक्टर होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी पहिल्यांदा मांडी पाहिली नाही. मार्था नावाच्या सिस्टरला बोलावलं. तिनं माझ्या पोटावर लाकडी नळी टेकवली, कान लावला आणि घड्याळाकडं बघत राहिली.

"आहेत ठोके," ती म्हणाली. "मंद आहेत."

"पट्टे सोडा," डॉक्टर म्हणाले. "कुशीवर घ्या थोडं."

मला बाजेपासून सोडवलं आणि जरा डावीकडं कलवलं. मार्था नळी लावून बसली. थोड्या वेळानं तिनं डॉक्टरांकडं पाहून मान हलवली. तिचे खांदे खाली आले, म्हणून मला कळलं की बरं झालं आहे.

मग डॉक्टर कामट्यांकडं वळले. वरून खाली पाहिलं, माझ्या पायाचा अंगठा दाबून पाहिला. "हे कोणी बांधलं?"

"मी," हे म्हणाले.

"चांगलं बांधलंय. नस कुठं आवळलेली नाही. कोणी शिकवलं?"

ह्यांनी आईकडं पाहिलं. आत्याबाई भिंतीकडं बघत होत्या.

हाडाचा फोटो काढायचा म्हणाले तेव्हा हे आडवे आले. आमच्याकडं सगळ्यांनी ऐकलेलं होतं की त्या यंत्राचा उजेड पोटात शिरला की पोर आंधळं होतं.

"मांडीचा एकच फोटो काढतो," डॉक्टर म्हणाले. "पोटावर शिशाचं झाकण टाकतो, त्यातून उजेड जात नाही. फोटो न काढता मी अंदाजानं पायात लोखंड घातलं, तर ते चालेल का तुम्हाला?"

हे बाजूला झाले. माझ्या पोटावर ते झाकण टाकलं. जात्याच्या दगडासारखं जड होतं.

फोटो पाहून डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बोलावलं नाही, माझ्यासमोरच सांगितलं. दोन वाटा होत्या. एक, पायाला वजन बांधून दोन महिने पलंगावर पडून राहायचं. त्यात पायात रक्ताची गाठ होऊन ती वर छातीत जाऊ शकते, पोटुशी बाईला जास्तच, आणि बाळंतपण त्याच अवस्थेत. दुसरी, उद्या सकाळी पाय उघडून हाडात आरपार पोलादी सळई घालायची. त्यात पोराला धोका नाही असं नाही. "पण मला विचाराल तर मी उद्या सकाळ म्हणेन," ते म्हणाले. "आई नीट राहिली तरच पोर नीट राहतं."

"आये?" हे म्हणाले.

"मला इचारू नको," आत्याबाई म्हणाल्या. मग डॉक्टरांकडं वळून म्हणाल्या, "तुमी हात लावा. मी नाय लावला."

कागदावर मी अंगठा दिला. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. काय लिहिलं आहे ते मी विचारलंही नाही.

सकाळी मला नेण्याआधी मार्था सिस्टर चादरीची एक जाड घडी घेऊन आली आणि माझ्या उजव्या कुल्ल्याखाली सरकवायला लागली. आत्याबाई उठून पुढं आल्या. दवाखान्यात आल्यापासून त्या पहिल्यांदा आपणहून बोलल्या.

"ते काढा. मांडी मोडलीय तिची. कलती काय करता?"

"असू द्या, मावशी."

"हाड सरकंल. माझ्या बापापासनं मी बघतीय. उताणंच ठेवायचं असतं."

डॉक्टर दारातच होते. ते चिडले नाहीत. आत आले आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवून समजावून सांगायला लागले. त्यांना वाटलं असेल, म्हातारीची भीती घालवावी.

"तुमचं बरोबर आहे, आई. पुरुषाला, पोराला, उताणंच ठेवायचं. पण ही दोन जिवांची आहे. मणक्याच्या उजव्या अंगानं एक मोठी नस वर जाते. पायांकडचं सगळं रक्त तिच्यातून काळजात येतं. एवढ्या महिन्यांची बाई उताणी झोपली की पोट त्या नसेवर बसतं. पाण्याच्या पाटात धोंडा पडल्यासारखं. मग वर पाणी पोचत नाही. बाईला घेरी येते, घाम येतो, आणि आत पोर गुदमरतं. उजव्या अंगाखाली एवढी घडी ठेवली की पोट डावीकडं कलतं, नस मोकळी होते. एवढंच." मग मला विचारलं, "वाटेत घेरी आली होती का?"

"आली," मी म्हणाले. "उतारावर बाज कलली तेव्हा बरं वाटलं."

"झालं तर मग. पाहिलंत, आई?"

आत्याबाई त्या घडीकडं बघत होत्या.

"किती वेळात?" त्यांनी विचारलं.

"काय किती वेळात?"

"उताणी ठेवली तर. किती वेळात व्हतं?"

"एकीसारखं दुसरीला नसतं. एखादीला काहीच होत नाही. एखादीला पाच मिनिटांत. तशी बाई आपणच कुशीवर वळते, तिला कोणी सांगावं लागत नाही. अंग शहाणं असतं."

"आणि बांधून ठेवलं तर?"

डॉक्टर हात धुवायला निघाले होते. "काल वाटेवर बांधलं तेवढं ठीक, आई, पडली असती. एरवी घरात पोटुशी बाईला बांधून कोण ठेवतं?"

आत्याबाई मागं सरकत गेल्या आणि भिंतीला लागल्यावर खाली बसल्या. मला वाटलं, शिकलेल्या माणसानं चारचौघांत चुकीचं ठरवलं म्हणून बाईला लागलं. खरं सांगायचं तर मला थोडं बरं वाटलं.

मला पूर्ण झोपवलं नाही. पाठीत सुई टोचली. आधी पाय गरम झाले, मग ते नव्हतेच. कमरेखाली मी संपले होते. समोर हिरवं कापड धरलं होतं. कापडाच्या पलीकडं ठोकण्याचे आवाज येत होते, सुताराच्या घरात येतात तसे, आणि प्रत्येक ठोक्याला माझी मान हलत होती. दुखत नव्हतं. माझ्याच हाडावर ठोकतायत हे कळत होतं, पण शेजारच्या घरातलं काम चालू असल्यासारखं.

मग एकदम माझ्या लक्षात आलं की पोटातलंही कळत नाहीये. मी वाट पाहिली. काही नाही.

"सिस्टर," मी म्हणाले, "ते हलत नाही."

"सुईनं तुला कळत नाहीये. आहे ते."

"हलत नाही."

मार्थानं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं नळी पोटावर लावली, कान टेकवला, आणि एका हातानं माझं मनगट धरून त्यावर बोटानं टकटक करायला लागली. भराभर, चिमणी दाणे टिपते तशी.

"हे त्याचे ठोके," ती म्हणाली. "मी ऐकते, तू मोज."

मला वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं. मी वीस मोजायची, पुन्हा एकपासून वीस. ती मध्ये थांबून कान काढायची, डॉक्टरांना काही सांगायची, आणि पुन्हा यायची. किती वेळा वीस मोजले ते सांगता येणार नाही. ठोकणं थांबलं तेव्हा मार्थाची मान अवघडली होती. ती वाकडीच चालत बाहेर गेली.

दवाखान्यात मी महिनाभर होते. आत्याबाई रोज खाटेजवळ बसायच्या. माझ्या अंगाला त्यांनी हात लावला नाही, पण मी झोपेत उताणी झाले की कोण जाणे कशा त्यांना कळायचं. डोळा उघडला की उजव्या अंगाखाली घडी असायची. एकदा मी म्हणाले, "आत्याबाई, राहू द्या, आता पाय बरा हाये."

"पायासाठी नाय," त्या म्हणाल्या.

चैत्र संपता संपता घरी आले आणि वैशाखात मुलगी झाली. नीट झाली, रडली, दूध प्यायली. लोक बघायला आले. मला आनंद झाला असेल. मला फक्त एवढं आठवतं की मी तिच्या मनगटावर बोट ठेवून बसायची.

त्याच आठवड्यात खालच्या वाडीचा एकजण हात मोडून आला. आत्याबाई ओट्यावर होत्या. "तालुक्याला जा," त्या म्हणाल्या. त्याला वाटलं थट्टा करते. तो तासभर बसला. शेवटी आत्याबाई उठून आत गेल्या. वाडीत बोलणं झालं की सुनेला दवाखान्यात नेली तिथंच ठमीचा हातगुण गेला. कोंडाबाईनं माझ्या तोंडावर सांगितलं, "तुझ्या पायात लोखंड घातलं आन तिच्या हातातली विद्या गेली."

मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "आयेला नको विचारूस." एवढंच.

बाराव्या दिवशी सकाळी आत्याबाई माझं अंघोळीचं पाणी तापवत होत्या. बाळंतिणीचं पाणी, निरगुडीचा पाला घातलेलं. मी चुलीजवळ पाय लांब करून बसले होते, मुलगी मांडीवर. जळण संपत आलं तशा त्या उठल्या, आढ्याची कामट्यांची जुडी काढली, दोरी सोडली, आणि एकेक कामटी चुलीत सारायला लागल्या. तेल प्यायलेल्या कामट्या. भडकन पेटत होत्या.

"आत्याबाई, त्या तुमच्या बापाच्या."

"व्हय."

दोन-तीन कामट्या जळून गेल्या. मग त्या चुलीकडं बघतच बोलायला लागल्या.

"चांगुणी माझी. लहानूच्या पाठची. तुला म्हायती नाय."

चांगुणा नावाची नणंद होती आणि ती माझ्या लग्नाआधी बाळंतपणात गेली, एवढं मला माहीत होतं. घरात तिचं नाव कोणी घेत नसे.

"बाळंतपणाला आली व्हती. आठवा महिना. झऱ्यावर पाय घसरला आन मांडी मोडली. तुझी मोडली तिथंच. मी बसवली. असलं बसलं हाड, झुंबरे, बोट फिरवलं तर सांधा लागंना. माझ्या बापाला पण तसं जमलं नसतं."

पाणी उकळायला लागलं होतं. त्यांनी ते उतरवलं नाही.

"फळीवर निजवली. ती वळायची. सारखी कुशीला वळायची. मी म्हणायची, हाड हलंल, पडून राहा. तरी वळायची. म्हणून बांधली. कमरेला आन छातीला. माझ्या लुगड्यानं. म्हणायची, आये, डोळ्याम्होरं पांढरं येतंय. मी म्हणले, येऊ दे. तिसऱ्या दिवशी पोटातलं थांबलं. संध्याकाळी ती."

शेवटच्या कामट्या त्यांनी एकदमच आत सारल्या.

"लोक म्हणले, दैव. मी पण म्हणले. म्हणले, माझा हात घरच्याला लाभत नाय, देवी कोपती. आता घरच्या माणसाला हात लावायचा नाय. एवढी वर्सं मला वाटत व्हतं, हाताचं काम हाये. तुला पण बांधाया लावलीच ना मी. हात लावला नाय, पण बांधाया लावली."

पुष्कळ वर्षांनी, माझ्या नातीच्या वेळी, मी एका डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगून विचारलं. त्या म्हणाल्या, आजी, नुसतं उताणं ठेवल्यानं बाई गेली असं म्हणता येत नाही. मांडीच्या हाडातून आतल्या आत खूप रक्त जातं, हाडातली चरबीही छातीत चढते. तुमच्या वाडीत तेव्हा ती कदाचित वाचलीच नसती. तोवर आत्याबाईंना जाऊन सोळा वर्षं झाली होती.

त्या दिवशी मी मुलीला मांडीवरून उचलून शेजारी निजवलं. मुलगी झोपली होती. आत्याबाईंनी चुलीपुढचं तेलाचं वाटकं ओढलं. हात बराच वेळ वाटक्यावर धरून ठेवला.

"पायाला लावू का?" त्यांनी विचारलं.

मी लुगडं वर सारलं. मांडीला वीतभर चीर होती, शिवलेल्या पोत्यासारखी. त्यांनी डोळे मिटले आणि बोटं ठेवली. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांचा हात माझ्या अंगाला पहिल्यांदा लागत होता. चिरेच्या बाजूची चार बोटं जागा ऑपरेशनपासून बधिर आहे. आजही आहे. तिथं विंचू चढला तरी मला कळणार नाही. त्यांची बोटं नेमकी तिथंच होती, हाड शोधत, हळूहळू दाबत.

"कळतंय का?" त्यांनी विचारलं.

"कळतंय," मी म्हणाले.

मग त्यांनी हात थोडा हलका केला.